आज्ञावलीच्या कामाची आखणी



मृगाचा पहिला पाऊस पडला, की आमच्या मेहकर तालुक्यात पेरणीची एकच घाई उडते. मातीचा वास सुटतो, शेजाऱ्याच्या शेतात पेरणीयंत्र उभे राहिलेले दिसते आणि आपलाही जीव राहत नाही. पण जाणता शेतकरी अशा वेळी हात आवरतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेली की नाही, हे तो पाहतो. त्याने आणखी एक काम तर पावसाच्याही आधी उरकलेले असते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असतात. आठवडाभराने गोणपाट उलगडायचे आणि कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायचे, काही कमी उगवले तर प्रमाण वाढवायचे, आणि फारच कमी उगवले तर ते बियाणे बाजूला ठेवायचे. ही शंभर दाण्यांची परीक्षा ज्याने टाळली, त्याच्या कपाळी दुबार पेरणी येण्याचा धोका मोठा.

आता तुम्ही म्हणाल, सरांचा विषय संगणकाचा, आणि हे पेरणीचे काय सांगत बसले? पण माझा विषय हाच आहे. संगणकाच्या मोठ्या कामाची आखणी कशी करावी, हे मला आज सांगायचे आहे. आणि त्यातले अर्धे शहाणपण त्या ओल्या गोणपाटात आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने करावयाच्या कामाची क्रमवार लिहिलेली आज्ञा. मराठीत तिला आपण आज्ञावली म्हणतो. तुमच्या हातातल्या मोबाईलवर पीकपाहणीची नोंद होते, सातबारा निघतो, बँकेतले पैसे दिसतात, ते सारे या आज्ञावलीच्या जोरावर. संगणक फार चपळ आहे, पण त्याला स्वतःची समज नाही. तलाठ्याला 'रामभाऊ' आणि 'रामराव' हा एकच माणूस आहे हे माहीत असते. संगणकाला ही दोन माणसे. तुम्ही जे सांगितले तेवढेच तो करणार, आणि जे सांगायचे राहिले तेथे अडणार. म्हणून या कामात लिहिण्यापेक्षा आधी विचारपूस करणे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसरी अडचण अशी, की हे काम डोळ्यांना दिसत नाही. विहीर खणायला घेतली तर किती परस झाली हे काठावरून दिसते. घर बांधायला काढले तर भिंत छातीपर्यंत आली, हे लहान मूलही सांगेल. सॉफ्टवेअरचे तसे नाही. करणारा म्हणतो, काम नव्वद टक्के झाले. आणि उरलेल्या दहा टक्क्यांत पहिल्याइतकाच काळ निघून जातो. ही तक्रार आजची नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी अनेक देशांचे तज्ज्ञ जमले होते. मोठ्या आज्ञावल्यांची कामे वेळेत का होत नाहीत आणि झाली तरी त्यांत चुका का राहतात, याचा खल त्यांनी केला. पूल बांधणाऱ्या अभियंत्यासारखी शिस्त या कामालाही हवी, हा विचार त्या परिषदेने पुढे आणला.

पण गार्मिश फार दूर. आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते अनुभवलेले आहे.

जून २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांसाठी कर्जमाफीची योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ व्हायचे होते, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ मिळेल असे सांगितले गेले होते, आणि एकूण रक्कम होती सुमारे ३४ हजार कोटी रुपये. जुलैपासून ऑनलाइन अर्ज सुरू झाले. सेवाकेंद्रांपुढच्या रांगा तुम्हांला आठवत असतील. कोणाचा अंगठा उमटत नव्हता, कोठे वीज नव्हती, कोठे यंत्रणाच मंदावलेली. सप्टेंबरात अर्जांची मुदत संपली, आणि दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटण्याचा समारंभ झाला.

आता कामाचे स्वरूप पाहा. माहिती तीन ठिकाणांहून यायची होती. एक, शेतकऱ्याने भरलेला अर्ज. दुसरी, बँकेची कर्जनोंद. तिसरी, आधारची नोंद. या तिन्हींची गाठ संगणकाने घालायची. मर्यादा ठरलेली होती कुटुंबाला धरून, म्हणून नवरा कोण, बायको कोण, अज्ञान मुले कोणती, हेही त्याला कळायला हवे. बँकेच्या वहीत एक नाव, आधारवर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे! शिवाय नियमांतही वेळोवेळी दुरुस्त्या होत होत्या. एवढे सगळे सबंध राज्यासाठी एकदम, आणि तेही ठरलेल्या सणाच्या आत. व्हायचे तेच झाले. माहितीत चुका निघाल्या, एकच आधार क्रमांक निरनिराळ्या नावांपुढे दिसू लागला, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि खात्यात पैसे पडण्यास उशीर होत गेला. ज्याच्या नावे कर्ज थकलेले आहे त्याला बँक नवे कर्ज देत नाही. रब्बीचे बियाणे उसनवारीने आणायचे की सावकाराकडे जायचे, असा प्रश्न त्या उशिरातून उभा राहतो. संगणकाच्या यादीतली एक चूक शेवटी कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोचते, ती अशी.

यात कोणाची नियत वाईट होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. अधिकारी रात्र रात्र जागले असतील. उणीव आखणीची होती. तारीख आधी ठरली आणि काम किती आहे, ते मागाहून कळले. शंभर दाणे गोणपाटात ठेवायला कोणाला सवडच राहिली नाही.

आता दुसरे चित्र पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा कर्जमुक्तीची योजना जाहीर झाली. या वेळी मर्यादा दोन लाखांची. पण काम करण्याची रीत पालटली होती. शेतकऱ्याने अर्ज भरायचाच नाही; माहिती बँकांकडून आणि सोसायट्यांकडून घ्यायची. म्हणजे जुळणी करायच्या गोष्टींतली एक आधीच कमी झाली. मग २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली. ती किती गावांची होती? फक्त ६८ गावांची. प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावे घेतली होती, आणि नावे होती १५,३५८. शेतकऱ्याने केंद्रावर जायचे, आपल्या नावापुढची रक्कम पाहायची, मान्य असेल तर अंगठा द्यायचा, नसेल तर अमान्य म्हणून सांगायचे. ही झाली उगवण चाचणी. ती पाहून मग थोड्याच दिवसांत लाखो नावांची पुढची यादी निघाली. पुढे मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि अंगठे घेण्याचे काम काही काळ रखडले, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या खेपेला पहिल्या खेपेचा अनुभव गाठीशी होता, हेही खरे. पण अनुभवाचा उपयोग करून घेणे, यालाच तर आखणी म्हणतात!

दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते. म्हणून आता माझी स्वतःचीही सांगतो.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका सोयाबीन खरेदी केंद्राचे व्यवस्थापक माझ्याकडे आले. नाव सांगत नाही. म्हणाले, "सर, तुमची पोरं संगणक शिकतात. आमचा रांगेचा, वजनाचा आणि पावत्यांचा हिशेब यंत्रावर घेऊन द्या." मला हुरूप आला. त्यांच्याबरोबर चहा घेता घेता मी तीन पाने टिपण केले, मुलांच्या हाती दिले आणि म्हटलं, दोन महिन्यांत उरका. मुले हुशार. त्यांनी उरकलेही.

हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरांची रांग सडकेपर्यंत गेली, आणि आमच्या आज्ञावलीचे एकेक सोंग बाहेर पडू लागले. तागाच्या बारदान्याचे वजन वेगळे आणि प्लॅस्टिकच्या पोत्याचे वेगळे, हे माझ्या तीन पानांत नव्हते. एका सातबाऱ्यावर तीन भावांची नावे, माल एकत्र आलेला, पैसे मात्र तीन खात्यांत जायचे; तेही नव्हते. इंटरनेट गेले की यंत्र मुके व्हायचे. मापाड्याने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मुकाट्याने आपली जुनी वही उघडली.

खरी फजिती पुढेच झाली. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असावा, असा नियम होता. परतीच्या पावसाने माल ओला, शेतकरी हवालदिल. तेव्हा नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. निर्णय चांगलाच होता. पण आमच्या मुलांनी १२ हा आकडा आज्ञावलीत निरनिराळ्या सात ठिकाणी लिहून ठेवलेला. घाईघाईत सहा ठिकाणी बदलला, पावतीच्या जागी तसाच राहिला. त्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा माल काट्यावर मंजूर झाला आणि हाती आलेल्या पावतीवर 'नामंजूर' छापून आले. भाड्याचा ट्रॅक्टर, उजाडताच रांगेत लागलेला माणूस, आणि दिवस मावळलेला. मी तेथेच होतो. तो माझ्यावर ओरडला असता तर बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, "सर, तुमच्या मशीनले माहा माल समजत नाही, पण मापाड्याले समजते. मंग त्याले काहून नाही इचारलं?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पावती दुरुस्त करून दिली, पण रात्री झोप आली नाही. मी व्यवस्थापकाला विचारले होते. काट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारले नव्हते. त्या हंगामानंतर आम्ही सगळे पुन्हा पहिल्यापासून केले. दुबार पेरणीच ती! त्यातून आणि ग्रंथांतून जे शिकलो, ते आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, विचारपूस. जो रोज ते काम करतो त्याच्याजवळ दोन दिवस नुसते बसावे. हमाल काय करतो, मापाडी काय टिपतो, कोणत्या वेळी खोडाखोड होते, ते पाहावे. वहीतली खोडाखोड ही फार बोलकी असते. नियम जेथे अपुरा पडतो तेथेच माणूस खोडतो. मग काय करायचे याची यादी लिहावी, आणि या वेळी काय करायचे नाही याचीही लिहावी. ही दुसरी यादी पुष्कळ भांडणे वाचवते.

दुसरी गोष्ट, तुकडे पाडणे. सबंध काम एकदम हाती घेऊ नये. आधी फक्त रांगेचा क्रमांक, मग वजन, मग पावती. दर दोन-चार आठवड्यांनी एक तुकडा पुरा करून वापरणाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्याचे बोलणे ऐकावे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जाणकारांनी एकत्र बसून याच धाटणीच्या कामाचा जाहीरनामा काढला, आणि आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बरीचशी कामे याच रीतीने चालतात. काम न दिसण्याचा जो दोष मी सुरुवातीला सांगितला, त्यावर हाच उतारा आहे. चालणारा तुकडा डोळ्यांना दिसतो.

तिसरी गोष्ट, वेळेचा अंदाज. एखाद्या तुकड्याला किती दिवस लागतील? एकच आकडा सांगू नये. सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती, आणि विघ्ने आली तर किती, असे तीन आकडे काढावेत. समजा, ते १०, १५ आणि ३२ आले. मधल्या आकड्याची चौपट ६०. त्यात १० आणि ३२ मिळवले की १०२. त्याला सहाने भागले की १७. म्हणजे पंधरा म्हणण्यापेक्षा सतरा दिवस धरावे. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात करून पाहावे, मुलांना आवडते.

चौथी गोष्ट, चाचणीला वेळ राखणे. फ्रेडरिक ब्रूक्स नावाच्या गृहस्थांनी आय. बी. एम. कंपनीत एका प्रचंड आज्ञावलीचे काम पाहिले होते आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांचा हिशेब असा, की काम बारा महिन्यांचे असेल तर चार महिने विचार आणि आखणीला, दोनच महिने प्रत्यक्ष लिहिण्याला, तीन महिने सुट्या भागांच्या चाचणीला आणि तीन महिने सगळे जोडून पाहण्याला द्यावेत. ऐका बरे, बारांपैकी सहा महिने नुसते तपासण्यात! मी मुलांना दोन महिने दिले होते, ते सगळे लिहिण्यात गेले. तपासणीचे काम शेवटी रांगेतल्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडले.

पाचवी गोष्टही ब्रूक्स यांचीच. काम मागे पडले म्हणून ऐन वेळी माणसे वाढवली, तर ते आणखी मागे पडते. हे ऐकून नवल वाटते, पण हिशेब करून पाहा. चार माणसे असली तर त्यांच्यात आपसांत बोलण्याच्या सहा जोड्या होतात; दहा माणसे झाली, की जोड्या पंचेचाळीस! निंदायला दहा बाया जास्त लावल्या तर शेत लवकर उरकते, कारण प्रत्येकीची ओळ वेगळी. आज्ञावलीत एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीत गुंतलेली असते, आणि नव्याला शिकवण्यात जुन्याचा दिवस जातो.

सहावी गोष्ट, बदल गृहीत धरणे. नियम बदलणार, भाव बदलणार, टक्के बदलणार. जो आकडा बदलण्याजोगा आहे तो एकाच जागी लिहावा आणि बाकीच्यांनी तेथून घ्यावा. आमच्या सात ठिकाणच्या बारांनी हा धडा आम्हांला पुरता शिकवला.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे जुनी वही एकदम मिटू नये. पुढच्या हंगामात आम्ही आठ दिवस यंत्र आणि वही शेजारी शेजारी चालवली. संध्याकाळी दोन्हींचे आकडे ताडून पाहायचो. पहिल्या दिवशी अकरा फरक निघाले, दुसऱ्या दिवशी चार. सहाव्या दिवशी एकही निघाला नाही. तरी आठ दिवस पुरे केले. नवव्या दिवशी मापाड्याने आपण होऊन वही बाजूला ठेवली. त्याहून मोठे प्रमाणपत्र आम्हांला नको होते.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती. हे शिकवायला शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही. शालेय पोषण आहाराची रोजची नोंद घ्या. मुलांना म्हणा, याची आज्ञावली करायची आहे, कागदावर आखणी करा. आहार शिजवणाऱ्या ताईंना काय विचाराल? मधल्या सुट्टीनंतर घरी गेलेला मुलगा कसा मोजाल? नवीन दाखल झालेली मुलगी कोठे लिहाल? अर्ध्या तासात मुले असे प्रश्न काढतात, की आपण थक्क व्हावे. उद्या त्यांतला कोणी पुण्याला किंवा परदेशी जाऊन हेच काम करील, आणि त्याला ताईंना विचारण्याची सवय लागलेली असेल.

आणि शेतकरी बंधूंनो, आपण आज्ञावल्या लिहीत नाही, पण वापरतो आपणच. तेव्हा गावात नवे ॲप, नवी नोंदणी आली, की ग्रामसभेत चार प्रश्न विचारायला संकोचू नका. हे कोणाला विचारून केले? आधी कोणत्या गावात चालवून पाहिले? चूक निघाली तर कोठे सांगायची आणि ती किती दिवसांत दुरुस्त होईल? आणि तोवर जुनी नोंद चालू राहणार की नाही? हे प्रश्न विरोधाचे नाहीत. जो माणूस शंभर दाणे मोजून गोणपाटात ठेवतो, तो काही पेरणीच्या विरुद्ध नसतो. पीक यावे अशी सर्वांत अधिक तळमळ त्यालाच असते.

त्या म्हाताऱ्या बाबांची गाठ मला पुढच्या हंगामात पुन्हा काट्यावर पडली. पावती हाती घेऊन त्यांनी ती नीट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मापाड्याला म्हणाले, "या खेपेले इचारलं वाटते तुले." मापाडी हसला.